घरामागे नवी सबडिव्हिजन, शेजारून ट्रेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्टलंडच्या पश्चिमेला, ओरेगनच्या वॉशिंग्टन काउंटीत बीव्हर्टन, हिल्सबरो, टिगार्ड या पट्ट्यात मराठी घरं आता बरीच झाली आहेत. त्यातली बहुतेक एखाद्या नव्या सबडिव्हिजनमध्ये, आणि घर घेताना मागे मोकळं रान दिसत होतं म्हणून घेतलेली. मग एक दिवस त्या रानाच्या कुंपणावर ‘इथे नवी वस्ती प्रस्तावित आहे’ असा सिटीचा फलक लागतो आणि हळदीकुंकवापासून शाळेच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे तेच बोलणं सुरू होतं. गेल्या काही वर्षांत मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी वकील नाही, प्लॅनरही नाही. दोन प्रकरणांत पत्रं लिहिली, त्यातल्या एकात सपशेल तोंडावर पडले, एवढाच अनुभव.

सिटीचं पत्र आलंय. म्हणजे आमच्या जागेवर काही येणार का?

नाही. प्रस्तावित जागेपासून ठरावीक अंतरात तुमची मालमत्ता आहे, एवढाच त्याचा अर्थ. शहरवाढीच्या सीमारेषेच्या आत हे अंतर राज्याच्या कायद्याप्रमाणे किमान १०० फूट असतं. बऱ्याच सिटी त्याहून लांबपर्यंत पत्रं पाठवतात. पत्रात तीन गोष्टी आधी शोधा: शेवटची तारीख, लागू होणाऱ्या निकषांची यादी, आणि हिअरिंग (सुनावणी) होणार आहे की फक्त लेखी हरकती घेणार आहेत. बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल.

एक मेख आहे. पत्र करनोंदीवरच्या मालकाला जातं. भाड्याने राहणाऱ्याला ते मिळत नाही, त्याने कुंपणावरच्या फलकाकडेच लक्ष ठेवावं.

सबडिव्हिजन म्हणजे आपल्याकडचा लेआउटच ना?

साधारण तोच. ओरेगनमध्ये एका कॅलेंडर वर्षात जमिनीचे चार किंवा जास्त तुकडे पाडले तर सबडिव्हिजन, तीनपर्यंत असले तर पार्टिशन. काम दोन टप्प्यांत चालतं. आधी प्राथमिक प्लॅट, म्हणजे विभागणीचा नकाशा: रस्ते कुठून, प्लॉट केवढे, पावसाचं पाणी कुठे जाणार, झाडं कुठली राहणार, ट्रेल (पायी-सायकलीची सार्वजनिक वाट) कुठून. मग अंतिम प्लॅट, जो सर्वेअर काढतो आणि काउंटीत नोंदवला जातो. जे काही बोलायचं ते पहिल्या टप्प्यात बोलायचं. दुसऱ्या टप्प्यात फक्त मंजूर झालेलं तसंच उतरलंय का हे तपासतात. आणि अंतिम प्लॅट नोंदल्याशिवाय इथे त्यातला प्लॉट विकता येत नाही. आधी प्लॉट विकून मोकळं व्हायचं आणि एनएचं मागाहून बघायचं, ही आपल्या ओळखीची चाल इथे चालत नाही.

निर्णय कोण घेतं आणि किती दिवसांत?

आपला समज असा असतो की नगरसेवक मत देणार, म्हणून त्यांना गाठावं. बहुतेक वेळा प्रकरण त्यांच्यापर्यंत जातच नाही. पुष्कळ सबडिव्हिजन प्लॅनिंग खात्यातले कर्मचारीच निकषांशी ताडून मंजूर करतात. अशा प्रकरणात १४ दिवस लेखी हरकतींसाठी मिळतात आणि हिअरिंग होतच नाही. मोठं किंवा गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर ते प्लॅनिंग कमिशनपुढे किंवा हिअरिंग ऑफिसरपुढे जातं.

मुदत कडक आहे. अर्ज पूर्ण आहे की नाही हे सिटीने ३० दिवसांत सांगायचं, आणि पूर्ण ठरल्यापासून १२० दिवसांत, स्थानिक अपील धरून, अंतिम निर्णय द्यायचा. अर्जदाराने स्वतःहून मुदत वाढवून दिली तर गोष्ट वेगळी. सिटी चुकली तर अर्जदार थेट कोर्टात जाऊन आदेश मागू शकतो. म्हणून ‘अजून सहा महिने अभ्यास करा’ ही मागणी कितीही रास्त वाटली तरी कर्मचारी ती मान्य करू शकत नाहीत. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

सगळ्यांनी एकजुटीने विरोध केला तर प्रकल्प थांबेल का?

क्वचित. याचं उत्तर मी अनुभवाने देते.

आमच्या मागच्या रानाचा फलक लागला तेव्हा आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. दोन दिवसांत चाळीस सह्या जमल्या. पत्रात आम्ही काय लिहिलं? रहदारी वाढेल, शाळा आधीच भरल्यात, परिसराचा शांतपणा जाईल, आणि वरच्या मजल्यावरून स्वच्छ दिवशी माउंट हूड दिसतो तो दिसायचा बंद होईल. मसुदा मीच केला होता आणि मला तो फार आवडलाही होता. आठवड्याभराने कर्मचाऱ्यांचा अहवाल आला. आमच्या चाळीस सह्यांना त्यात दीड ओळ होती: हे मुद्दे लागू असलेल्या निकषांत येत नाहीत.

उद्धटपणा म्हणून ती दीड ओळ लिहिलेली नव्हती, तो कायदाच आहे. ओरेगनने १९७३ मध्ये सिनेट बिल १०० मंजूर करून राज्यभर जमीन-नियोजन सुरू केलं. शहरांभोवती सीमारेषा आखायच्या, रेषेबाहेर शेती आणि जंगल राखायचं, आणि त्याच्या बदल्यात रेषेच्या आत घरं होऊ द्यायची, असा तो व्यवहार. त्यामुळे रेषेच्या आत घरांच्या प्रकल्पाला लावायचे निकष ‘स्पष्ट आणि वस्तुनिष्ठ’ असावे लागतात, म्हणजे फुटात, टक्क्यांत, होय-नाहीत सांगता येतील असे. ‘परिसराचं व्यक्तिमत्त्व’ फुटपट्टीने मोजता येत नाही. शाळेत जागा नाही हा मुद्दाही सहसा टिकत नाही. त्यासाठी २००७ पासून शाळा-जिल्ह्यांना नव्या बांधकामावर कर लावायची मुभा दिलेली आहे.

आणखी एक. आमची स्वतःची कम्युनिटी जिथे उभी आहे तिथे आधी हेझलनटची बाग होती. आमच्या घरांचाही असाच कुंपणावर फलक लागला असणार आणि तो पाहून कुणाच्या तरी पोटात असंच गोळा आला असणार.

मग पत्रात लिहायचं तरी काय?

त्याच अहवालात एका पत्राला दीड पान मिळालं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त बाईंचं. त्यांनी प्रकल्पाला विरोध केलाच नव्हता. नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने एक रेघ मारून लिहिलं होतं की या ब्लॉकची लांबी अमुक फूट आहे, मधे पायी जायला वाट नाही, आणि कोडच्या, म्हणजे सिटीच्या विकास-नियमावलीच्या, अमुक कलमानुसार ती हवी.

त्यांच्या त्या कलमाचं मूळ मेट्रोच्या नियमांत आहे. मेट्रो हे पोर्टलंड भागातल्या तीन काउंटी आणि २४ शहरांवरचं, लोकांनी निवडलेलं प्रादेशिक सरकार. नव्या वस्तीत रस्त्यांच्या जोडण्या जास्तीत जास्त ५३० फुटांवर असाव्यात, आणि जिथे पूर्ण रस्ता काढणं शक्य नाही तिथे ३३० फुटांवर निदान पायी-सायकलीची वाट असावी, असा त्यांचा दंडक आहे. शहरांच्या कोडमध्ये तो आपापल्या शब्दांत उतरलेला असतो. बाईंच्या त्या लाल रेघेवर आज दहा फुटी डांबरी वाट आहे. आमच्या चाळीस सह्यांनी एक विटही हलली नाही.

तेव्हा पत्रात एक कलम घ्या, त्या कलमात काय हवं ते एका वाक्यात सांगा, नकाशात काय नाही ते दाखवा, आणि कुठली अट घातली तर चालेल ते सुचवा. दोन पानांच्या आत. प्रकरण क्रमांक वर ठळक.

आणि जे आत्ता मांडणार नाही ते पुढे अपिलात मांडता येत नाही. मुद्दा अशा नेमकेपणाने मांडलेला हवा की सिटीला आणि अर्जदाराला त्यावर उत्तर देता यावं. ‘ट्रेलबद्दल आम्हाला काळजी वाटते’ एवढ्याने तो मांडल्यासारखा होत नाही.

हिअरिंगला गेलं तर काय होतं?

कर्मचाऱ्यांचा अहवाल सात दिवस आधी उपलब्ध असतो, तो वाचून जा. तिथे आधी कर्मचारी बोलतात, मग अर्जदार, मग बाजूचे, विरोधातले आणि मधले. प्रत्येकाला साधारण तीन मिनिटं. टेबलावर हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. लाल लागला की तुमचं वाक्य कितीही रंगात आलेलं असो, अध्यक्ष थांबवतात. ‘सर्वप्रथम मी आपले आभार मानतो’ या वळणाने सुरुवात केली तर हिरवा त्यातच संपतो.

ही ग्रामसभा नाही, काहीसं न्यायालय आहे. म्हणून कमिशनच्या सदस्याला आधी कॉफीला गाठून बाजू समजावू नका. तसं झालं तर त्याला ते सभेत जाहीर करावं लागतं, आणि तुमचंच हसं होतं.

पहिल्या हिअरिंगमध्ये एक हक्क वापरायला विसरू नका. कुणीही मागणी केली की लेखी पुराव्यांसाठी प्रकरण किमान सात दिवस खुलं ठेवावं लागतं. एका वाक्याची मागणी आहे, पण ती सुनावणी संपायच्या आत करायची.

मी एच-वन-बी वर आहे. बोललो तर चालेल का?

चालेल. साक्ष द्यायला नागरिकत्व लागत नाही. भारतात आईवडिलांकडे गेला असाल तर तिथून ईमेल पाठवलेलंही चालतं, मुदतीत पोचलं की झालं. मतदान मात्र नागरिकांनाच, आणि ट्रेलच्या पैशांचा एक मोठा भाग मतपेटीतूनच येतो. त्याबद्दल खाली.

बिल्डर एवढे पैसे कमावतोय, ट्रेल त्यानेच फुकट बांधून द्यायला नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ज्या प्रकरणात दिलं ते आपल्या शेजारच्याच टिगार्डचं आहे.

टिगार्डच्या मेन स्ट्रीटवर फ्लॉरेन्स डोलन यांचं प्लंबिंग आणि इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं. १.६७ एकराची जागा, तिच्या एका कोपऱ्यातून फॅनो क्रीक हा ओढा वाहतो. दुकान ९,७०० चौरस फुटांवरून १७,६०० करायचं आणि ३९ गाड्यांचं पक्कं पार्किंग करायचं, असा त्यांचा अर्ज होता. सिटीने परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. क्रीकची पूररेषेतली जमीन सिटीला द्या, आणि तिला लागून १५ फुटांचा पट्टा पादचारी-सायकल मार्गासाठी द्या. मिळून सुमारे ७,००० चौरस फूट, म्हणजे जागेचा जवळपास दहावा हिस्सा.

सिटीचा युक्तिवाद होता की मोठ्या दुकानामुळे रोज अंदाजे ४३५ फेऱ्या वाढतील, आणि सायकलमार्गामुळे त्यातल्या काही कमी ‘होऊ शकतील’. १९९४ मध्ये कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल डोलन यांच्या बाजूने दिला. ‘होऊ शकतील’ पुरेसं नाही. मागितलेली जमीन आणि प्रकल्पाने पडणारा भार यांचं निदान ढोबळ प्रमाण तरी जुळलं पाहिजे, आणि ते त्या त्या प्रकरणापुरतं सिटीने दाखवलं पाहिजे. अटीचा भाराशी मुळात संबंध असला पाहिजे हे १९८७ च्या कॅलिफोर्नियातल्या नोलन खटल्यात आधीच ठरलं होतं. २०१३ च्या कूंट्झ खटल्याने हीच कसोटी जमिनीऐवजी पैसे मागितले तरी लागू केली. २०२४ मध्ये शीट्झ खटल्यात, जिथे एका माणसाकडे आपल्या जागेवर तयार घर ठेवण्यासाठी २३,४२० डॉलर रहदारी-शुल्क मागितलं होतं, कोर्टाने एकमताने सांगितलं की शुल्क सरसकट नियमाने लावलंय म्हणून ते या कसोटीतून सुटत नाही.

म्हणून कर्मचाऱ्यांच्या अहवालात हल्ली प्रमाणशीरपणाचा एक वेगळा भाग असतो. तो जरूर वाचा. ट्रेलसाठी जमीन मागितली असेल तर तिचं गणित तिथे मांडलेलं असतं. ते कच्चं असेल तर बिल्डरचा वकील तिथेच बोट ठेवतो आणि ट्रेल गळून पडतो. ट्रेल हवा असेल तर गणित पक्कं करायला मदत करणं हे आपलं काम: ही वाट शाळेला जाते, त्या बस थांब्याला जाते, या घरांतली मुलं ती वापरणार. मला स्वतःला डोलनचा निकाल पटतो. पटत नाही ते हे, की त्याचं निमित्त करून काही सिटी आता ट्रेल मागायचंच टाळतात.

मग ट्रेलचे पैसे येतात कुठून?

पाचसहा खिशांतून, आणि प्रत्येक खिशाच्या अटी निराळ्या.

जवळचा खिसा म्हणजे एसडीसी, सिस्टिम डेव्हलपमेंट चार्ज. नव्या बांधकामाकडून पाणी, सांडपाणी, पावसाचं पाणी, वाहतूक आणि उद्यानं या पाच गोष्टींसाठीच तो घेता येतो. सिटीने आधी कामांची यादी जाहीर केलेली असते. ट्रेल त्या यादीत असेल आणि बिल्डरने तो गरजेपेक्षा रुंद किंवा आपल्या जागेबाहेरही बांधून दिला, तर तेवढी रक्कम त्याच्या शुल्कातून वजा होते. म्हणजे बिल्डरही खूश, ट्रेलही लवकर. यादीत नसेल तर त्याला काहीच मिळत नाही, आणि मग तो का बांधेल? तेव्हा फोन करून पहिला प्रश्न हा विचारा: ‘हा ट्रेल एसडीसीच्या यादीत आहे का?’ बीव्हर्टनच्या भागात उद्यानं सिटीकडे नसून टुआलाटिन हिल्स पार्क अँड रिक्रिएशन डिस्ट्रिक्टकडे आहेत. १९५५ पासूनची ती स्वतंत्र संस्था, पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ. तिथे पत्र सिटीला आणि डिस्ट्रिक्टला, दोघांनाही पाठवायचं.

दुसरा खिसा मतदारांचा. मेट्रोने १९९५, २००६ आणि २०१९ अशा तीनदा निसर्ग आणि उद्यानांसाठी रोखे लोकांपुढे मांडले आणि तिन्ही वेळा ते मंजूर झाले. २०१९ चा ४७५ दशलक्ष डॉलरचा होता, त्यात पायी आणि सायकल ट्रेलसाठी ४० दशलक्ष राखलेले.

राज्याकडून येतं ते मजेशीर वाटांनी येतं. लॉटरीच्या नफ्यातला १५ टक्के हिस्सा १९९८ पासून उद्यानं आणि पाणलोटांसाठी आहे. रस्तेनिधीतला किमान एक टक्का पायवाटा आणि सायकलमार्गांवर खर्च करा, हा कायदा १९७१ चा आहे. आणि २०१८ पासून २०० डॉलर किंवा जास्त किमतीची नवी सायकल घेतली की १५ डॉलर कर. मुलीच्या सायकलीच्या पावतीवर तो बघून माझा नवरा दुकानदाराशी वाद घालत होता.

केंद्राचे दोन निधी मुख्य. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅममध्ये केंद्र साधारण ८० टक्के देतं, वीस आपण उभे करायचे. लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंडाला समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून पैसा येतो. २०२० च्या कायद्याने वर्षाला ९०० दशलक्ष डॉलर कायमचे ठरले. यात मात्र निम्मा वाटा आपला, आणि त्या पैशाने घेतलेली जागा पुढे कायम खुल्या करमणुकीसाठीच ठेवावी लागते. ही अट मला फार आवडते. पुढच्या पन्नास वर्षांत कुणालाही तिथे पार्किंग करावंसं वाटलं तरी सोपं जाणार नाही.

आपला वाटा मात्र आधी हातात लागतो. अनुदान मंजूर आणि वाटा नाही म्हणून काम अडलेलं, असं होतं.

ट्रेल दोनशे यार्ड जातो आणि मधेच संपतो. हा काय प्रकार?

प्रत्येक सबडिव्हिजनकडून तिच्या हद्दीपुरताच तुकडा मागता येतो. शेजारची जमीन विकली जाईल, तिचा अर्ज येईल, तेव्हा पुढचा तुकडा. तोवर तो तसाच. त्यामुळे आजच्या मंजुरीत दोन गोष्टी असल्याचं पाहा: ट्रेलसाठी सार्वजनिक वहिवाटीचा हक्क हद्दीच्या अगदी शेवटच्या इंचापर्यंत नोंदवलेला असावा, आणि तो एचओएच्या, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघाच्या, मालकीची खाजगी वाट म्हणून लिहिलेला नसावा. ते वाक्य अंतिम प्लॅटवर हवं, बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकावर नाही.

एकदा झाल्यावर झाडलोट, दुरुस्ती कोण करतं?

इथेच सगळं अडतं. एसडीसी आणि बहुतेक अनुदानं फक्त उभारणीला चालतात, देखभालीला नाहीत. आणि ओरेगनात मालमत्ता कराला मतदारांनी मंजूर केलेल्या १९९० च्या मेझर ५ ने आणि १९९७ च्या मेझर ५० ने बांध घातलेत. करपात्र मूल्य वर्षाला सहसा तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. मुळांनी डांबर उचललं, फलक मोडला, की खात्याकडे माणूस नसतो. म्हणून सिटी ट्रेल एचओएच्या गळ्यात घालू पाहते. तुमच्या मासिक शुल्कात ते येणार का, हे घर घेण्याआधी विचारा.

घरामागून ट्रेल गेला तर चोऱ्या वाढतील का? कुणी घसरून पडलं तर?

चोऱ्यांची भीती मलाही होती. आता रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून कुत्री, बाबागाड्या आणि एक ठरावीक आजोबा जातात, आणि रान होतं त्यापेक्षा मला जास्त सुरक्षित वाटतं. हे माझं मत. कुंपण किती उंच, झुडपं कुठली, हे मात्र मंजुरीच्या अटीत मागता येतं.

घसरण्याबद्दल: आपली जागा लोकांना करमणुकीसाठी फुकट खुली केली तर मालकाला कायद्याचं संरक्षण असतं. २०२३ मध्ये न्यूपोर्ट शहराच्या एका खटल्यात अपील कोर्टाच्या निकालाने त्याला धक्का बसला आणि काही गावांनी चक्क ट्रेल बंद केले. २०२४ मध्ये विधिमंडळाने चालणं, धावणं, सायकल यांचा उल्लेख करून दुरुस्ती केली.

निर्णय पटला नाही तर?

आधी स्थानिक अपील, त्याची तारीख निर्णयाच्या पत्रात असते. त्यानंतर लुबा, म्हणजे राज्याचं जमीन-वापर अपील मंडळ, १९७९ पासूनचं. तिथे २१ दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि तुम्ही आधी लेखी किंवा तोंडी भाग घेतलेला असावा लागतो. नवा पुरावा सहसा घेत नाहीत; जे कागदावर आहे त्यावरच भांडायचं.

तुमच्या त्या दहा फुटी वाटेचं पुढे काय झालं?

सध्या ती एका लाल-पांढऱ्या आडकाठीपाशी संपते. पलीकडे काटेरी ब्लॅकबेरी, आणि त्यापलीकडे तीनशे फुटांवर शाळेचं मैदान दिसतं. मुलांनी काट्यांतून पायवाट पाडली आहे. गेल्या महिन्यात त्या पलीकडच्या जमिनीचं पत्र आलं. या वेळी ग्रुपवर मी फक्त प्रकरण क्रमांक, कलम आणि शेवटची तारीख टाकली आहे, आणि लाल पेन घेऊन बाईंकडे चालले आहे.